पहिल्या तोड्याची झुकिनी

फाटकाच्या कडीला अडकवलेली ही तिसरी पिशवी. काकूंनी ती उघडूनही पाहिली नाही. आत काय आहे ते वजनावरूनच कळत होतं. चार दिवसांपूर्वी त्यांनीच तोडून, पुसून, देठाला ओला कागद गुंडाळून दिलेली झुकिनी जशी गेली तशी परत आली होती. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही, "काकू, जरा बोलायचं होतं" एवढंही नाही.

"चोरासारखं यायचं, पिशवी लटकवायची आणि पळायचं," काकू स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या. "आणि वर चोर कोण? तर मी!"

काका चहात बिस्किट बुडवत होते. बस डेपोत तीस वर्षं काढलेला माणूस. रोज शंभर तक्रारी ऐकून त्यांच्या कानांना घट्टे पडले होते. "अगं, वाया जायला नको म्हणून परत दिली असेल."

"वाया जायला नको म्हणून? अहो, कुणी प्रेमानं वाढलेलं ताट त्याच्याच उंबऱ्यावर नेऊन पालथं घालायचं, आणि म्हणायचं वाया जायला नको म्हणून!"

बिस्किट तुटून चहात पडलं. काकांनी चमचा शोधायला सुरुवात केली. त्यांना या विषयात पडायचं नव्हतं, हे चमच्यालाही कळलं असतं.

काकूंना गल्लीत सगळे काकूच म्हणत, त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं शिलाई मशीन. नवे कपडे त्या शिवत नसत. बिघडलेल्या चेनी, उसवलेल्या शिवणी, विटलेली अस्तरं, अंगाबरोबर न वाढलेल्या पँटी, असं सगळं जुनं नीट करून देण्याचं काम. सव्वीस वर्षं त्यांनी तेच केलं, आणि सव्वीस वर्षांत एक कपडा "चालतंय की" म्हणून बाहेर पाठवला नाही. टीप वाकडी गेली की उसवायची, पुन्हा घालायची. गिऱ्हाईक म्हणे, "आतल्या बाजूला आहे हो काकू, कोण बघतंय?" काकू म्हणत, "मी बघितलंय ना."

हाच हट्ट मागच्या अंगणातल्या भाजीतही होता. अंगण कसलं, तीन खाटा मावतील एवढा मातीचा तुकडा. पण त्याच्या एका बाजूला भिंत होती आणि भिंतीवर दिवसभर ऊन. त्या उबेला काकूंची झुकिनी गल्लीत सगळ्यांच्या आधी फळाला येई. मूळ बिया बारा वर्षांपूर्वीच्या. एका म्हाताऱ्या माळ्यानं कोटाचं अस्तर बदलायला दिलं होतं. खिशात कागदाच्या पुडीत सात बिया राहिल्या होत्या. काकू परत द्यायला गेल्या तर म्हातारा म्हणाला, "ठेवा. मला आता वाकवत नाही." सातातल्या पाच उगवल्या. बाजारातली झुकिनी म्हणजे वर चकचकीत आणि आत पाणी. ही ठेंगणी, फिकट हिरवी, अंगावर बारीक ठिपके. कच्ची फोड चावली तरी बदामाची आठवण व्हावी अशी.

अशी जात टिकवायची तर राखण करावी लागते. झुकिनीचं नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादीच्या मागे बोटभर इवलं फळ आधीपासूनच असतं. दोन्ही उमलतात पहाटे, आणि दुपारपर्यंत त्यांचा कारभार आटोपतो. तेवढ्यात मधमाशी कुठून कुठला पराग घेऊन येईल याचा नेम नाही. म्हणून ज्या फळाचं बी धरायचं, त्याचं फूल काकू आदल्या संध्याकाळीच, कळी पिवळी पडली की, दोऱ्यानं तोंडाशी बांधून ठेवत. तसंच एक नर फूलही. सकाळी दोन्ही सोडायची, नराच्या पाकळ्या काढून त्याचा दांडा मादीत हलकेच फिरवायचा, आणि मादीचं तोंड पुन्हा बांधायचं. मग देठाला लाल दोरा. लाल दोरा म्हणजे या फळाला कुणी हात लावायचा नाही. हे पिकून, टणक होऊन बियांसाठी राहणार.

दर वर्षी त्या बियांची रोपं दह्याच्या रिकाम्या डब्यांत वाढवून काकू गल्लीतल्या नऊ घरांना दोन-दोन देत. आणि स्वतःच्या अंगणातला पहिला तोडा घरात शिजवत नसत. पहिली फळं शेजाऱ्यांना, दुसऱ्या तोड्यापासून आपण. हा त्यांनीच स्वतःला घालून घेतलेला नियम, आणि यंदा तोच अंगलट आला. कारण पहिली फळं त्यांनी चाखलीच नव्हती.

पहिल्या तोड्यातली सगळ्यात देखणी झुकिनी गेली समोरच्या नर्सबाईंकडे. नर्सबाईंना त्या आठवड्यात सर्दीनं चव नव्हती की वास नव्हता. त्यांनी सूप केलं आणि वाटीभर पिऊन टाकलं. त्यांच्या नवऱ्यानं पहिला घोट तोंडातून बेसिनमध्ये टाकला, "हे काय घातलंस गं, कारल्याचा बाप?" तोवर उशीर झाला होता. नर्सबाई दिवसभर उलट्या करत होत्या. ज्या इस्पितळात त्या सलाइन लावतात, तिथंच त्यांना सलाइन लावावं लागलं.

आता हे कळल्यावर माणसानं काय करावं? काकूंकडे यावं, विचारावं. पण गल्लीत एक साहेब होते. काकूंच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. साहेब कचेरीतून निवृत्त झाले होते, साहेबपण मात्र अजून नोकरीतच होतं. नर्सबाईंना गाडीतून उतरवताना चार माणसं जमली, तेव्हा साहेब आपल्या फाटकावर हात टेकून म्हणाले, "औषध. दुसरं काय? फळं लवकर यावीत म्हणून मारलेलं असतं काहीतरी. सगळ्यांच्या आधी फळ धरतं म्हणजे काय जादू आहे का?" झालं. दुसऱ्या दिवशी उजाडायला पिशव्या लटकल्या.

बारा वर्षं पिशव्या हसत नेणाऱ्यांना हे बोलणं पटायला एक रात्रही पुरली नाही, हे काकूंच्या घशाखाली उतरेना.

त्यांनी तिसरी पिशवी ओट्यावर आपटली आणि तिच्यातली झुकिनी चिरली. टोकाची पातळ चकती जिभेवर ठेवली. जीभ आखडली, डोळ्यांत पाणी आलं. त्या थुंकल्या, त्यांनी चूळ भरली, तरी कडूपणा जाईना. मागे जाऊन त्यांनी आपली चारही झाडं तपासली. दोन झाडांची फळं नेहमीसारखी. पण दोन झाडांची जरा मानेशी बारीक, खाली फुगीर, अंगावर अस्पष्ट पट्टे. तोडताना आपल्या लक्षात कसं आलं नाही! त्या दोन्ही झाडांची फळं कडूजहर निघाली.

"फवारणी नाही," त्या काकांना म्हणाल्या. "बीच बाटलंय. गेल्या वर्षी साहेबांनी कुंपणावर शोभेचे भोपळे चढवले होते, आठवतात? ते पट्ट्यापट्ट्यांचे, न खायचे. त्यांचा पराग आला."

"मग त्यांना सांग."

"सांगतेच!"

साहेब बाहेरच पेपर वाचत बसले होते. काकूंनी कुंपणावरूनच सुरुवात केली. शोभेचा भोपळा आणि झुकिनी एकाच कुळातली, त्यांचा संकर झाला की कडू उतरतं, ते कडू पोटाला विषच असतं आणि शिजवलं तरी जात नाही. साहेबांनी पेपर खाली न घेता ऐकून घेतलं.

"बाई, माझे भोपळे गेल्या वर्षी होते. यंदा एकही नाही. गेल्या वर्षी तुमची झुकिनी मीही खाल्ली. गोड होती. मग?"

"अहो, फळ त्याच वर्षी बदलत नाही. फळ आईचं असतं. आतलं बी बदलतं. आई तशीच राहते, लेकरं बापावर जातात."

"छान!" साहेब कोपऱ्यातल्या बायकोकडे बघून हसले. "म्हणजे आता माझ्या भोपळ्यांवर बापपणाचा दावा!"

"हसू नका. एक बाई सलाइनवर होती."

"तेच म्हणतोय मी." आता पेपर खाली आला. "तुम्हीच दिलेली दोन रोपं आमच्या हिनं तिथं लावली आहेत. त्याच बियांची ना? तीन कोवळ्याच झुकिन्या तोडून खाल्ल्या आम्ही. उत्तम. बी एकच, तुमच्याकडे कडू, आमच्याकडे गोड. फरक कशात? वर काय मारलं त्यात. हिशेब सरळ आहे. तुम्ही कपडे शिवता, ते उत्तम शिवता. तेवढंच करावं माणसानं."

काकू तरातरा घरात आल्या आणि मशीनवर बसल्या. टोमण्यापेक्षा हिशेबाचाच संताप जास्त. कारण साहेबांचा मुद्दा वरवर बिनतोड होता. आणि आणखी एक काटा आतून टोचत होता. फुलं तर बांधली होती! संध्याकाळी स्वतःच्या हातानं. मग पराग शिरला कुठून?

हे कोडं सुटलं त्याच दुपारी, आणि सोडवलं वन्संनी.

वन्सं म्हणजे काकांची थोरली बहीण. दर उन्हाळ्यात आठ दिवस राहायला येत. स्वभावानं लोण्यासारख्या, मुंगी दिसली तरी पाय उचलून घेत. गल्लीतल्या कुत्र्यांना, मांजरांना, रडणाऱ्या कुणालाही वन्संची माया पुरून उरे. फक्त ज्याची वस्तू त्याला विचारायची सवय त्यांना नव्हती. यंदा त्या आल्या, बॅग ठेवली, पाणी प्यायल्या आणि भावजयीचा चेहरा बघून म्हणाल्या, "का गं, तोंड का उतरलंय?"

काकूंनी सगळं सांगितलं. फुलं, दोरे, भोपळे, साहेब. वन्सं चुकचुकत ऐकत होत्या. मग गालाला बोट लावून म्हणाल्या, "अगं, पण बांधलेल्या फुलांचं सांगतेस तर, ती तर मी रोज पहाटे सोडत होते ना गेल्या वर्षी."

मशीनचं चाक थांबलं.

"काय करत होतात?"

"सोडत होते. मी लवकर उठते, तुला माहितीय. मागे गेले तर बिचाऱ्यांचे गळे आवळलेले! उमलायची वेळ, आणि तोंडाला दोरा. मला बघवेना. म्हटलं, घटकाभर मोकळा श्वास घेऊ देत. तू उठायच्या आत पुन्हा बांधून ठेवत होते मी, अगदी होती तशी! तुला नसतं आवडलं, म्हणून बोलले नाही."

काकूंना गेल्या वर्षीची एक सकाळ आठवली. दोऱ्याला फासाची गाठ होती. त्या स्वतः आयुष्यात कधी फास मारत नाहीत. दोन वेढ्यांची बसकी गाठ मारतात. तेव्हा वाटलं, काल डोळ्यांवर झोप होती, आपणच मारली असेल. जिनं उलट्या टाक्यावरून शिवणारा हात ओळखला, तिनं स्वतःच्या अंगणातली परकी गाठ सोडून दिली!

"वन्सं, ती घटकाभरच तर मोलाची होती! तेवढ्यासाठी तर बांधली होती! तुम्ही मधमाश्यांना दार उघडून दिलंत, आत घेतलंत, पाहुणचार केलात आणि वर कडी लावून ठेवलीत!"

"अगं, मी तर मायेनं..."

"मायेनं केलं म्हणून विष गोड होत नाही!"

वन्संच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काका आतून आले. "काय झालं? ताई का रडतेय?"

हे पाहा! काकूंच्या मनात आलं. दोन दिवस माझ्या दारात पिशव्या लटकतायत, तेव्हा चहात चमचा. आणि ही रडली तर माणूस पळत आला.

सगळं ऐकून काका खुर्चीवर टेकले. मग हळूच म्हणाले, "हे बघ, आता घरातली गोष्ट घरातच राहू दे. ताई काय, आठ दिवसांची पाहुणी. तिला कशाला गल्लीत उघडं पाडायचं? लोक विसरतील."

"आणि मी? मी औषध मारणारी म्हणून राहू?"

"तसं कोण म्हणतंय..."

"तीन पिशव्या म्हणतायत! अहो, ते माझ्या हातचं मीठही तोंडात घालणार नाहीत पुढे. आणि तेही राहू दे बाजूला. नऊ घरांत माझी रोपं आहेत. निम्मी कडू असणार. त्यांची फळं आता चार-दोन दिवसांत तोडायला येतील. पुढच्या वेळी कुणाचं लेकरू खाईल, मग? घरातली गोष्ट घरात राहील का तेव्हा?"

काकूंनी खणातून लहान सुरी काढली, पाण्याची बाटली घेतली, लाल दोऱ्याचं रीळ पर्समध्ये टाकलं आणि दारात उभ्या राहिल्या.

"वन्सं, चला. चपला घाला."

"मी? मी कशाला गं?"

"चाखायला. एका जिभेनं मला पुरणार नाही. आणि काय सोडलंत ते कळू दे तुम्हालाही."

त्या दुपारी गल्लीनं एक अजब वरात पाहिली. पुढे काकू सुरी घेऊन, मागे वन्सं पदरानं डोळे टिपत. प्रत्येक दारात काकूंचं एकच वाक्य: "मी दिलेली रोपं बघायचीत. कडू असलेलं उपटून नेणार आहे." फळ केवढंही असो, टोकाची चकती कापायची, जिभेवर ठेवायची, थुंकायची, चूळ भरायची. गोड निघालं तर देठाला लाल दोरा. कडू निघालं तर झाड मुळासकट बाहेर. जिथं फळ अजून धरलंच नव्हतं तिथं काकू बजावत, "पहिलं फळ आलं की मला हाक मारायची. मी चाखल्याशिवाय कुणी चाखायचं नाही."

पहिल्या घरी वन्संनी कडू चकती तोंडात घातली आणि त्यांचा चेहरा जुन्या पर्ससारखा चुरगळला. "अगं आई गं!"

"हं," काकू म्हणाल्या. "हा तो मोकळा श्वास."

पण लोकांची तऱ्हा बघा. दुसऱ्या घरची बाई उपटलेल्या झाडाकडे बघून म्हणाली, "काकू, चांगलं वाढलं होतं हो! आता आमची फळं गेली ना." जशी काय काकूंनी हौसेनं उपटली! तिसऱ्या घरचे आजोबा म्हणाले, "औषधाचा माल परत नेताय का? बरं करताय." काकूंनी सुरी पुसली, ओठ दाबले आणि चाखत राहिल्या. चौथ्या घरापर्यंत त्यांची जीभ बधिर झाली होती, पण डोकं तापलेलंच होतं.

नर्सबाईंच्या दारात मात्र त्यांनी आधी चपला काढल्या. नर्सबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा अजून फिकट. काकू म्हणाल्या, "बाई, मी आधी यायला हवं होतं. चाखल्याशिवाय दिली, ती चूक माझी. पण औषध मी मारलेलं नाही. बियात संकर झाला होता."

नर्सबाई तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "नाही, ते साहेब म्हणाले म्हणून आम्हाला वाटलं..."

"संकर माझ्यामुळे झाला," वन्सं एकदम बोलल्या आणि हुंदका आलाच. "मला काय माहीत! फुलांचे गळे आवळलेले बघवले नाहीत मला. मी सोडली. माझ्यामुळे तुम्ही इतक्या आजारी पडलात!"

आणि मग काय झालं? नर्सबाई उठल्या. आजारी बाई, पण उठल्या. वन्संचा हात हातात घेतला. "अहो, रडू नका. तुमचा हेतू चांगला होता." त्यांच्या नवऱ्यानं खुर्ची पुढे केली, पंखा वाढवला, गार सरबताचा पेला आणला. एक पेला. वन्संसाठी. "मन किती हळवं आहे हो यांचं!"

काकू सुरी हातात धरून दारातच उभ्या होत्या. तोंड कडू, घसा कोरडा. झाड वाचवायला, जात राखायला बारा वर्षं फुलं बांधणारी ती कठोर, आणि न विचारता दुसऱ्याचं काम उसवून ठेवणारी ती हळवी!

"नर्सबाई," त्या म्हणाल्या, आवाज त्यांना हवा होता त्याहून चढाच लागला, "वन्संचा हेतू चांगला होता हे तुम्हाला दोन मिनिटांत पटलं. बारा वर्षं माझ्या हातचं खाताय. माझ्या हेतूबद्दल एकदाही विचारावंसं नाही वाटलं?"

नर्सबाईंच्या नवऱ्यानं घाईनं दुसरा पेला आणला. काकूंनी घेतला नाही.

"सरबत नको. तुम्ही लोकांत 'औषध मारलं' म्हणालात ना? तसंच लोकांत 'नाही मारलं' म्हणा. तेवढं पुरे."

नर्सबाईंनी मान खाली घातली. "म्हणेन काकू. चुकलंच आमचं." हे मात्र त्या मनापासून म्हणाल्या, आणि काकूंनी ते मनात नोंदवून घेतलं.

संध्याकाळपर्यंत आठ घरं झाली. सोळा रोपांतली नऊ उपटली, पाच अजून फळाविना होती, आणि दोन गोड निघाली. पण त्या दोन्ही रोपांना गोगलगायींनी इतकं खाल्लं होतं की बी धरेपर्यंत ती जगतील अशी आशा नव्हती. काकूंच्या स्वतःच्या दोन चांगल्या झाडांवर पानांना भुरीची पांढरी बुरशी चढू लागली होती. म्हणजे जातिवंत बी धरायचं तर भरवशाची दोनच झाडं उरली होती, आणि ती साहेबांच्या अंगणात होती. गेल्या वर्षी वन्सं यायच्या आधी बांधलेल्या फुलाच्या फळातल्या बिया तिथं गेल्या असणार. साहेबांचा तो सरळ हिशेब असा होता तर.

साहेबांच्या फाटकाशी काकू थांबल्या. वन्सं कुजबुजल्या, "अगं, जरा गोडीनं घे. बी हवंय ना तुला?"

"हवंय."

साहेब बाहेर आले. गल्लीतली बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली दिसत होती, कारण आज आवाजात साखर होती. "या या. ऐकलं मी सगळं. घरातलाच घोटाळा निघाला म्हणायचा! असो. आमची रोपं गोड आहेत, त्यांचं बी तुम्ही खुशाल धरा. माझी काही हरकत नाही."

माझी हरकत नाही! काकूंच्याच रोपांवर!

"बियांचं मी नंतर बोलेन," त्या म्हणाल्या. "आधी ते औषधाचं."

"ते होय? अहो, गैरसमज झाला. सोडून द्या."

"गैरसमज पावसासारखा वरून पडत नाही साहेब. कुणीतरी तो करतं. तुम्ही याच फाटकाशी उभं राहून चार माणसांत म्हणालात. तसंच परत घ्या."

"आता तेवढ्यासाठी काय सभा भरवू?" साहेबांच्या आवाजातली साखर विरघळली. "मी काही एकटा म्हणत नव्हतो. आणि बघा, रोपं आमच्या अंगणात आहेत. मी चांगुलपणानं देतोय, तर तुम्ही अटी घालताय!"

वन्संनी काकूंचा पदर ओढला. काकू साहेबांच्या खांद्यावरून त्या दोन झाडांकडे बघत होत्या. रुंद पानं, सरळ देठ, आणि उद्या पहाटे उमलेल अशी एक पिवळी पडू लागलेली कळी. बारा वर्षं त्या कळीत होती. क्षणभर त्यांचं मन डगमगलं. एक शब्द गिळला तर काय बिघडणार होतं? आतल्या बाजूचीच तर टीप. कोण बघतंय?

"मग राहू द्या," त्या म्हणाल्या. "झाडं तुम्हालाच लखलाभ. बी गेलं तर गेलं. पण औषधवाली म्हणवून घेऊन मी तुमच्या अंगणात वाकणार नाही."

त्या वळल्या. दोन पावलं गेल्या असतील, तोच घरातून आवाज आला. साहेबांची बायको. सतरा वर्षं काकूंची गिऱ्हाईक. साहेबांच्या कचेरीतल्या सगळ्या पँटी काकूंनी कमरेत सैल करून दिल्या होत्या, आणि त्याचा बभ्रा कधी केला नव्हता.

"अहो, बोला की आता! त्या दिवशी बोलायला कसा कंठ फुटला होता? रोपं मी आणलीत, मी पाणी घालतेय. चांगुलपणा कसला दाखवताय, माझ्या झाडांवर?"

"तू मध्ये..."

"मध्येच आहे मी. त्या दिवशीही होते. मला तेव्हाच लाज वाटली होती, आणि गप्प राहिले. आज नाही राहणार."

साहेब फाटकाजवळ आले. घसा खाकरला. मग हनुवटी छातीत रोवून म्हणाले, "औषध मारलं असं मी म्हणालो, ते खरं नव्हतं."

"ऐकू नाही आलं," काकू म्हणाल्या.

"तुम्हाला ऐकू आलं ना!"

"मला मी मारलं नाही हे माहीतच आहे. गल्लीला ऐकू जाईल असं म्हणा. त्या दिवशी गेलं होतं."

समोर नर्सबाईंच्या घराची खिडकी उघडली. तिसऱ्या घरचे आजोबा काठी टेकत थांबले. साहेबांनी एकदा बायकोकडे पाहिलं. तिथून सुटका नव्हती. कचेरीत शिपायाला हाक मारायचे त्या आवाजात ते म्हणाले, "काकूंनी कसलंही औषध मारलेलं नव्हतं! मी माहिती नसताना बोललो!"

खिडकीतून नर्सबाईंचा बसका आवाज आला, "आम्हीही बोललो काकू! चुकलं आमचं!"

आजोबांनी मान हलवली आणि पुढे चालू लागले, जणू आपण त्या पंगतीत कधी नव्हतोच. काकूंनी त्यांच्या पाठीकडे रोखून पाहिलं. पण प्रत्येकाच्या मागे कुठं धावणार!

त्या साहेबांच्या बायकोकडे वळल्या. "दाखव गं झाडं. ती कळी आजच बांधायला हवी."

दिवेलागणीला दोघी घरी परतल्या. वन्सं दमून पलंगावर आडव्या झाल्या. नर्सबाईंचे लोक किती चांगले, सरबतही किती छान, असं काहीतरी पुटपुटल्या आणि झोपून गेल्या. काका दारातच वाट बघत होते. सगळं त्यांच्या कानावर आलेलं होतं. खरं तर पूर्ण गल्लीच्या आलेलं होतं.

"काय मग," ते हसून म्हणाले, "झालं ना समाधान? साहेबांनी जाहीर माफी मागितली म्हणे."

काकूंनी चपला काढल्या, तोंडावर पाणी मारलं, पुन्हा एकदा चूळ भरली.

"समाधान कसलं? त्यांनी मला दिलं काय? जे माझंच होतं तेच ना! दोन दिवस वापरलं, मळवलं आणि परत केलं."

"आता आणखी काय हवंय तुला?"

"तुम्ही सकाळी चहा पीत होतात ना, तेव्हा उठून साहेबांच्या फाटकाशी जायला हवं होतंत. तेवढंच."

काका स्वयंपाकघरात गेले, आणि भांड्यांचा आवाज आला.

"किती पाणी घालू गं?" त्यांनी आतून विचारलं. "चहा टाकतोय. तुला."

"दोन कप घाला," काकू म्हणाल्या. "आणि साखर जास्त. तोंड अजून कडूच आहे."